शेपटाचा उतार

आमच्या ह्यांना क्लबात सगळे 'शेपूट' म्हणतात. तोंडावर म्हणतात आणि हे हसतात. मला नाही हसू येत. फोन यायचा आणि पलीकडून कोणीतरी विचारायचं, "शेपूट आहे का घरी?" यावर बायकोने काय सांगायचं? आहे, आंघोळीला गेलंय?

त्यात अपमान नाही, ते हुद्द्याचं नाव आहे, हे ह्यांनी मला शंभरदा समजावलंय. रविवारी सायकलवाल्यांचा घोळका डोंगरात निघाला की सगळ्यात पुढे एक जण असतो. रस्ता तो दाखवतो. आणि सगळ्यात मागे एक जण असतो, पाठीला लाल फडकं बांधलेला. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही. कोणाची ट्यूब फुटली, कोणाची चेन उतरली, कोणी चढावर धापा टाकत बसकण मारली, की लाल फडक्याने त्याच्यापाशी थांबायचं आणि त्याला घेऊनच पुढे यायचं. शेपूट आलं म्हणजे सगळे आले, असा नियम. बाकीचे हे काम एक-एक वर्ष करतात आणि सोडतात. आमच्या ह्यांनी ते एकदा घेतलं ते घेतलंच. फडकं दर सोमवारी आमच्या दोरीवर वाळत असतं, आणि धुते कोण, तर मी.

माझी लाँड्री आहे. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे पडदे, असलं सगळं. हे लिफ्ट दुरुस्त करतात. आठवडाभर दुसऱ्यांना वर-खाली करायचं आणि रविवारी स्वतः वर-खाली व्हायचं, असं माझी बहीण म्हणते. लिफ्टमध्ये माणूस अडकला की बाकीचे कारागीर आधी हत्यारांची पेटी उघडतात. हे आधी दाराशी बसतात आणि आतल्या माणसाशी गप्पा मारतात. नाव काय, कुठल्या मजल्यावर जायचं होतं, मुलं किती. एकदा एक म्हातारी अडकली होती. तिने आतून सुनेची तक्रार सुरू केली. लिफ्ट केव्हाच नीट झाली होती, पण म्हातारीचं बोलणं मध्येच तोडायचं कसं म्हणून ह्यांनी बटणच दाबलं नाही. अशा माणसाला कोणी मागे बसलेला दिसला की झालं, मग घरदार कोणाचं आणि कुठलं.

आमच्या मुलीच्या शाळेत बक्षीस समारंभ होता. पहिलं बक्षीस होतं तिचं. हे पोचले तेव्हा शिपाई खुर्च्या एकात एक घालत होता. कारण काय, तर एका पोस्टमास्तरांचं चाक वाकलं होतं आणि त्यांना सोडून कसं यायचं. पोस्टमास्तर आपले घरी जाऊन जेवून झोपले. माझी मुलगी बक्षीस उशाशी ठेवून रडत झोपली. क्लबाच्या भिंतीवर दरवर्षीचे फोटो लावलेत, त्यातल्या एकातही हे नाहीत. शेवटचा माणूस येईपर्यंत फोटोवाला कशाला थांबतोय? जेवणाचंही तेच. हे पोचायचे तेव्हा सूप गार आणि पावाच्या टोपलीत नुसता चुरा. मी बोलले की म्हणायचे, "अगं, भूक लागली की गारही चालतं." आता याच्याशी भांडायचं तरी कसं. भांडायला समोरून कोणीतरी दोन शब्द द्यावे लागतात.

आणि रस्ता मात्र ह्यांचा. हे मी मुद्दाम सांगते, कारण क्लबात कोणी सांगत नाही. क्लब वर्षातून एकदा जी मोठी फेरी काढतो, तीन नद्यांची, ती ह्यांनी जोडलेली आहे. रस्त्याचे तुकडे आधीपासून होते, पण कुठला तुकडा कुठल्याला लावायचा ते ह्यांनी ठरवलं. एक अख्खा हंगाम मला लाँड्रीच्या व्हॅनमधून डोंगरात नेत होते. फिरायला जाऊ म्हणाले, म्हणून मी नव्या चपला घालून निघाले. हे बघत होते, ट्रक कुठून येतात, कुत्री कुठे सुटी असतात, प्यायचं पाणी कुठे आहे, ऊन कुठे डोळ्यांवर येतं. आणि मी बघत होते की हा माणूस जेवायला कधी थांबतो.

तो रस्ता असा आहे. गावाबाहेर पडलं की पहिला चढ, सगळा झाडीतला, इतकी गच्च झाडी की भर दुपारी डांबर ओलसर असतं. तिथून उतरलं की पहिली नदी आणि लोखंडी पूल. मग दुसरं टेकाड, ते ओलांडलं की दुसरी नदी, आणि तिच्या काठाला लाकडाची वखार. करवतीचा आवाज वरपर्यंत ऐकू येतो. वखारीपाशी फाटा फुटतो. डावीकडे नदीच्या काठाकाठाने सपाट रस्ता, थेट घरी. उजवीकडे तिसरा चढ. क्लबातल्यांनी त्या चढाला 'मामंजी' नाव ठेवलंय, कारण संपला संपला म्हणेपर्यंत पुन्हा सुरू होतो. वर माथा. माथ्यावर सगळ्यांनी थांबायचं, माणसं मोजायची आणि मग पलीकडे उतरायचं. तो उतार म्हणजे या सगळ्या खटाटोपाचं बक्षीस. मोठी मोठी वळणं, दोन्ही बाजूंना उंच झाडं, गाड्या जवळजवळ नाहीतच, आणि तिसऱ्या नदीच्या पुलापर्यंत पायडलला पाय लावायची गरज नाही.

यंदा ह्यांचा गुडघा गेला. गेला म्हणजे जातच होता, यंदा हाडांच्या डॉक्टरांनी फोटो दाखवून सांगितलं की बदलायलाच हवा. ऑपरेशनची तारीख दिली, ती नेमकी फेरीच्याच आठवड्यातली, फेरी झाल्यावर तीन दिवसांनी. नंतर सायकल चालवा म्हणाले, पण सपाटीवर. डोंगर विसरा. ह्यांनी मान हलवली आणि डॉक्टरांना विचारलं, "तुमच्या इथली लिफ्ट आवाज करते, बघू का जाता जाता?"

घरी आल्यावर मी चादरींना इस्त्री करत होते आणि हे घड्या घालत होते. चार चादरी झाल्या. मग म्हणाले, "मला एकदा तो उतार मोकळा हवा होता."

"मोकळा म्हणजे?"

"म्हणजे पुढे कोणी नाही असा. मी दरवर्षी कोणाच्या तरी मागे, ब्रेक दाबत दाबत उतरतो. एकदा ब्रेक सोडून बघायचं होतं."

मी ह्यांच्याकडे बघतच राहिले. हॉटेलची चादर तेवढ्यात करपली. आमच्या अख्ख्या संसारात ह्यांनी 'मला हवं' असं म्हटलेलं मला आठवत नाही. ताटात पडेल ते खाणारा माणूस. मी म्हटलं, "मग चला ना उद्याच. मी व्हॅनने वर नेऊन सोडते, उतरा खुशाल."

"तसं नको. तो उतार चढून घ्यायचा असतो."

आयुष्यभर दुनियेला लिफ्टने वर नेणारा माणूस हे मला ऐकवतो. पण मी त्या दिवशी वाद घातला नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, एकट्याने अजिबात नको. क्लबाबरोबर, गाडी हाताशी असेल तर एकदाच, आणि गुडघा दुखायला लागला की जिथे असाल तिथे सायकलवरून उतरून गाडीत बसायचं. मग मी ठरवलं. या वर्षी हे शेपूट होणार नाहीत. पुढे राहणार, आणि माथ्यावरून सगळ्यांत आधी हेच सुटणार.

क्लबाचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना गाठायचं तर बैठकीत दहा जण मध्ये बोलतात, म्हणून मी सरळ दवाखान्यात नंबर लावला. खुर्चीत बसले. ते मास्क लावून म्हणाले, "तोंड उघडा." मी म्हटलं, "आधी बोलते, मग उघडते. एकदा तुमचं सुरू झालं की माझं बंद होईल." आणि सगळं सांगितलं. गुडघा, उतार, फोटो, गार सूप, सगळं. ते माणूस म्हणून वाईट नाहीत. म्हणाले, "बरोबर आहे वहिनी. इतकी वर्षं शेपूट झाले, एकदा डोकं होऊ देत. मागे आपण व्यायामशाळेच्या मास्तरांना ठेवू, दांडगा माणूस आहे." मी खूश होऊन उठले, तर म्हणाले आता आलाच आहात तर एक दाढ बघून घेऊ, आणि काढलीच. असो. कामासाठी दाढ गेली.

फेरीच्या दिवशी मी नेहमीसारखी व्हॅन घेऊन आधीच माथ्यावर जाऊन थांबले. मागे सगळ्यांची जाकिटं, केळी, पाण्याचे कॅन. माथ्यावर वारा चांगलाच असतो. कठड्याशी उभी राहून खाली बघत होते, आणि शेवटच्या वळणावर एक सायकल दिसली. एकटीच. हे होते. मी ह्यांना त्या माथ्यावर नेहमी सगळ्यांच्या नंतर येताना पाहिलं होतं, तोंड उतरलेल्या कोणाला तरी धीर देत. या वेळी एकटे आले, लालबुंद, घामाने निथळत, आणि लहान मुलासारखे हसत होते. म्हणाले, "गुडघा बरा आहे. थोडा कुरकुरतोय." मी तोंडाने म्हटलं, "जाकीट घाला आधी." मनात काय होतं ते माझं मला माहीत.

मग एकेक जण यायला लागले. दोघे आले, चौघे आले, अध्यक्ष आले. आणि त्यांच्या पाठोपाठ, मधल्यामध्येच, व्यायामशाळेचे मास्तर आले. पाठीला लाल फडकं.

ह्यांचं हसू गेलं. मला वाटतं सगळ्यांच्या आधी ते ह्यांनाच कळलं. ह्यांनी विचारलं, "तुम्ही आत्ताच कसे?"

मास्तर म्हणाले, "वखारीपाशी पाणी प्यायला थांबलो. मागे-पुढे कोणी दिसेना. म्हटलं सगळे गेले पुढे. मग जरा जोर लावला."

"तुमच्या पुढे शेवटचं कोण होतं?"

मास्तर विचार करायला लागले. शेपटाने एवढं एकच काम करायचं असतं, पुढच्याची पाठ नजरेआड होऊ द्यायची नाही. बाकी दंड कितीही मोठे असले तरी इथे त्यांचा काय उपयोग? मास्तरांनी वाटेत पाच जणांना मागे टाकलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान वाटत होता.

ते पाच जणही हळूहळू वर आले. माणसं मोजली. एक कमी. पुन्हा मोजली. चष्म्याच्या दुकानाचे मालक नव्हते. हा गृहस्थ मला आधीपासून माहीत आहे. लग्नाच्या जेवणातून न सांगता उठून जाणारा माणूस. यजमान पंगतीत शोधत असतात आणि हा घरी पोचून पाय पसरून बसलेला असतो.

अध्यक्ष म्हणाले, "फाट्यावरून डावीकडे गेला असेल हो. घरी पोचला असेल."

हे म्हणाले, "असेल. आणि वळणावर पडलाही असेल. दोन्ही 'असेल'च."

फोन लावावा तर माथ्यावर रेंज नाही. कधीच नसते. सगळे काकडत उभे होते, घाम वाळून थंडी वाजत होती. मी म्हटलं, "मी व्हॅन घेऊन खाली बघून येते. तुम्ही उतरा." किती सरळ गोष्ट होती. पण सरळ गोष्ट आमच्या घरात चालत नाही. हे म्हणाले, "गाडीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. कठड्यापलीकडे पडला असेल तर गाडीतून दिसायचाही नाही. आणि तो झाडीतल्या पायवाटेने वर आलाच तर इथे गाडी हवी. तू थांब."

"अहो, पण तुमचा गुडघा."

"खालीच तर जायचंय."

"खाली, पण उलट्या बाजूला. आणि परत वर कोण येणार?"

ह्यांनी सायकल वळवली. अध्यक्षांना म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना घेऊन उतरा, आजारी पडतील." मला वाटलं, आता तरी कोणी म्हणेल की आम्ही थांबतो, नाहीतर मास्तर म्हणतील की चूक माझी, मी जातो. मास्तरांनी पाठीवरचं लाल फडकं सोडलं आणि ह्यांच्या हातात दिलं. आणि ह्यांनी ते बांधलं. ये रे माझ्या मागल्या. मी तिथे उभी होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण माझ्याकडे बघायला कोणाला वेळ नव्हता. सगळे जाकिटांच्या चेनी लावून त्या उतारावर सुटले. वळणापर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत होतं. आणि हे दुसऱ्या बाजूने, नुकताच चढून आलेला चढ परत उतरत, प्रत्येक वळणावर थांबून कठड्यावरून खाली हाका मारत गेले.

मी थांबले. रागाच्या भरात केळी खात राहिले. किती खाल्ली ते विचारू नका. पायवाटेने एक मेंढरू आलं, माणूस कोणी आलं नाही. ढग खाली उतरायला लागले तेव्हा मी म्हटलं, खड्ड्यात गेलं ते थांबणं. व्हॅन काढली आणि ह्यांच्या मागे निघाले. वळणं संपता संपेनात. प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, आता हे दिसतील, रस्त्याच्या कडेला पडलेले.

हे दिसले ते थेट वखारीपाशी. एका ओंडक्यावर बसले होते, पाय लांब करून. गुडघा विजारीतून दिसत होता इतका सुजला होता. शेजारी वखारीचा राखणदार, हातात पाण्याची बाटली. मी दार उघडायच्या आत राखणदारच म्हणाला, "ते चष्मेवाले ना? ते सकाळीच गेले डावीकडे. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, कंटाळा आला."

कंटाळा. म्हणजे काखेत कळसा नि गावाला वळसा. अख्ख्या डोंगरात ह्यांनी ज्याच्या नावाने घसा कोरडा केला, त्याला कंटाळा आला होता. मी त्या राखणदारासमोर जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बिचारा बाटली घेऊन दोन पावलं मागे सरकला. आणि आमचे हे काय म्हणाले असतील? म्हणाले, "बरं झालं. मला वाटलं पडला की काय."

"तुम्हाला राग येत नाही?"

"येतो ना."

"मग दाखवा की."

"आता तो घरी आहे, दाखवू कोणाला?"

सायकल मी एकटीने मागे चढवली. ह्यांना धरून पुढच्या सीटवर बसवलं. गाडी फाट्यावर आणली. हे म्हणाले, "डावीकडे घे. सपाट आहे, लवकर पोचू." मी उजवीकडे वळवली. हे म्हणाले, "अगं, चुकलीस." मी म्हटलं, "चुकले नाही. गप्प बसा." सगळा 'मामंजी' आम्ही गाडीने चढलो. व्हॅनसुद्धा धापा टाकत होती. माथ्यावर मी गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, मागे जाऊन सायकल खाली घेतली आणि ह्यांच्या बाजूचं दार उघडलं.

"उतरा."

"आता कशाला?"

"उताराला गुडघा लागतो का?"

"अगं, पण गाडीतून वर आलो. मी म्हटलं होतं ना, चढून..."

"सकाळी चढलात ना? सगळ्यांच्या आधी चढलात, मी पाहिलंय. तो चढ कोणी परत घेतला का? उतार तुमचा आहे. बसा."

हे सायकलशी उभे राहिले. समोर रस्ता रिकामा. उजेड होता अजून, ढगांखालचा, पांढरा. पुढे कोणी म्हणजे कोणी नाही, सगळे केव्हाच जेवून उठले असतील. ह्यांनी लाल फडकं सोडून माझ्याकडे दिलं. चेहऱ्यावर सकाळचं ते हसू पुन्हा आलं, थोडं लाजल्यासारखं. सायकलवर बसले आणि म्हणाले, "तू गाडी घेऊन पुढे हो. खाली पुलापाशी भेटू."

मी म्हटलं, "काही नको. एवढा सुजलेला गुडघा, वाटेत काही झालं म्हणजे? मी मागून येते. तुम्ही सुटा."

माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग म्हणाले, "बरं."

आणि निघाले. पहिल्या वळणापर्यंत काय छान गेले. मी स्टेअरिंगवर हात आपटून म्हणत होते, जा, जा. वळणाच्या तोंडाशी ह्यांनी ब्रेक दाबला आणि मागे वळून बघितलं. मी हात केला, जा. गेले. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. मला वाटलं गाडी फार जवळ आहे, आवाजाने बिचकत असतील. म्हणून मी मुद्दाम मागे राहिले. तर हे आणखी हळू झाले, मी दिसेपर्यंत. मी जवळ गेले की थोडे पुढे जायचे, मी दिसेनाशी झाले की थांबल्यासारखे व्हायचे. ब्रेकच्या रबराचा वास मला गाडीत येत होता. शेवटी मी वैतागून हॉर्न वाजवला, मोठ्याने, जा म्हणून. हे थांबलेच. सायकल आडवी धरून, लंगडत, माझ्या खिडकीशी आले.

"काय झालं? गाडी तापली का?"

"काही नाही झालं. अहो, जा ना."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," म्हणाले आणि पुन्हा निघाले. ब्रेक दाबत, मान वळवत, पुलापर्यंत.

पुलावर माझ्या फोनला रेंज आली आणि अध्यक्षांचा निरोप टुणकन वाजला. 'ते घरी सुखरूप आहेत, झोपले होते. काळजी नसावी. जेवण छान झालं, तुमची आठवण काढली.' मी फोन सीटवर फेकला आणि खाली उतरले. दिवसभराचं सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं.

"एवढा रस्ता पडला होता. पुढे चिटपाखरू नव्हतं. इतकी वर्षं हेच हवं होतं ना तुम्हाला? मग सुटला का नाहीत?"

हे गुडघा धरून कठड्यावर बसले होते. मी इतकं साधं कसं विचारते, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

"तू मागे होतीस ना."

मी कठड्याला टेकले.

"मागे माणूस आहे म्हटलं की माझ्या हातून ब्रेक सुटत नाही. म्हणून तर म्हटलं होतं, तू पुढे हो."

तक्रार नव्हती त्यात. पाणी आहे का गाडीत, हे जसं विचारतात, तसं म्हणाले. आणि मग खरंच म्हणाले, "पाणी आहे का गाडीत?"

ऑपरेशन त्याच आठवड्यात झालं. चांगलं झालं. आता हे नदीकाठच्या सपाट रस्त्यावर सायकल चालवतात, डॉक्टर खूश आहेत. डोंगराचं नाव ह्यांनी परत काढलं नाही. चष्मेवाला दुकानाच्या दारात दिसला की मी अजून मनातल्या मनात त्याला चार शिव्या घालते, आणि मास्तरांना आठ. पण उतारावर चष्मेवाला नव्हता, तो घरी झोपला होता. मास्तरही नव्हते. उतारावर ह्यांच्या मागे मी होते.